विहीणबाईंची अर्धी लाज

कुत्र्याचा वरचा जबडा मी धरला होता आणि विहीणबाईंनी नळा आत घातला. वासरांना औषध पाजायचा बांबूचा बारीक नळा, पुढून तिरका कापलेला. आत ओव्याचं कोमट पाणी, गूळ घालून. कुत्र्याचं तोंड मी आभाळाकडे केलं होतं, जसं बैलाचं करतात. त्याने गिळलं नाही. गिळायला त्याला फुरसतच नव्हती, तो श्वासासाठी झगडत होता. पाणी आत गेलं आणि थोडं फेस होऊन नाकातून परत आलं. मग त्याची घरघर एकदम थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. विहीणबाई म्हणाल्या, "उतार पडला बघा." मलाही तसंच वाटलं. मग त्याची जीभ बाहेर पडली. पिकलेल्या जांभळाच्या रंगाची. त्याचे मागचे पाय माझ्या मांडीवर ताठ झाले आणि माझी हळदीची नवी साडी ओली झाली.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीची, सुमनची सासू. यशोदाबाई. त्या गेल्या त्याला महिना होऊन गेला. त्यांच्याबद्दल चांगलंच लिहायचं तर त्या दिवसापासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्यांनी स्वतः तो दिवस कधी लपवला नाही. लपवावा असं मला वाटत होतं, त्यांना नाही.

आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला, शहापूर तालुक्यात. त्यांचं सरळगावच्या अलीकडे, मुरबाड तालुक्यात. नव्वदच्या पुढेमागे सुमनचं लग्न झालं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट बघितलं. उंच बाई, पुरुषासारखी टाच आपटत चालणारी, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर दोन वावरं पलीकडचा बैल कान टवकारील. लग्नात आमच्याकडचा भात कमी पडला. वऱ्हाड सांगितल्यापेक्षा जास्त आलं होतं, पण मुलीकडच्यांनी असं बोलायचं नसतं. मी चुलीमागे उभी राहून दुसरं आधण उकळायची वाट बघत होते आणि बाहेर जाऊन सांगायची माझी छाती होत नव्हती. विहीणबाई आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि मांडवात जाऊन ओरडल्या, "भात संपलाय! आमच्या गाडीतली माणसं मागून जेवतील. पोटं आवळून बसा जरा!" सगळा मांडव हसला. भात शिजला, सगळे जेवले. पण मला वाटलं, ही बाई माझी अब्रू भर मांडवात टांगून गेली. आमच्या बायकांना सुद्धा तसंच वाटलं... लाजेची गोष्ट झाकायची असते, हे आम्हाला आमच्या आयांनी शिकवलं होतं. विहीणबाईंना ते कोणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

जनावरांचं त्यांना फार. पंचक्रोशीत कोणाचा बैल फुगला, वासराला पडसं झालं की विहीणबाईंना बोलावणं यायचं. नळा खांद्यावरच्या पिशवीत घालून त्या जायच्या आणि जनावर उठून उभं राहीपर्यंत परतायच्या नाहीत. "माझ्या हातचं पाजलेलं जनावर मेलं नाय," असं त्या म्हणायच्या. ते खरंही होतं. पण ते सगळे बैल, गाई, म्हशी. गावठी कुत्र्याला कोण कशाला काही पाजतं? तो आजारी पडला तर कुठे झुडपात जाऊन पडतो, बरा झाला तर परत येतो.

आणि मग टायगर आला. जावई, अशोकराव, वाशिंदला कारखान्यात. तिथेच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली. कोणा मित्राने त्यांना हे पिल्लू दिलं. चपट्या तोंडाचं, बटबटीत डोळ्यांचं, शेपूट चकलीसारखी. तेव्हा तसली कुत्री सगळ्यांना हवी असायची. माझ्या नातीने, पूर्वाने, त्याचं नाव टायगर ठेवलं. विहीणबाईंनी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाल्या, "याच्या तोंडावर कोणी पाट मारला काय गो?" तो झोपला की घोरायचा, जागा असला तरी घोरायचा, खाताना तर डुकरासारखा आवाज. विहीणबाई त्याला घोरक्याच म्हणू लागल्या. पूर्वा रुसली, पण कुत्रा त्या नावाला लवकर यायला लागला.

विहीणबाईंच्या पुतण्याचं लग्न होतं, मे महिन्यात. हळदीला मीही गेले होते, विहीण म्हणून मानाची. जावई सुमनला आणि पूर्वाला घेऊन आले, कुत्राही आणला. खोलीत एकटं कसं ठेवणार? मांडवावर निळं प्लास्टिक ताणलेलं, खाली नुसती भट्टी. कुत्रा पायात येतो म्हणून कोणीतरी त्याच्या गळ्यात बैलाचं दावं घालून त्याला मांडवाच्या खांबाला बांधून टाकला. सगळ्या गावाला त्याचं नवल. पोरं येऊन त्याला नाचवायची, तो नाचायचा, दाव्याला हिसके द्यायचा. बाया मटणाचे तुकडे टाकायच्या, तो सगळं खायचा. दुपारी जावई आणि सुमन मुरबाडला सामान आणायला गेले, पूर्वाला बरोबर घेऊन. जाताना जावई मला म्हणाले, "मामी, टायगरकडे लक्ष असू दे." मी म्हटलं, हो. जावयाने सांगितलेली एवढीशी गोष्ट.

थोड्या वेळाने तो घरघरू लागला. पण तो रोजच घरघरतो, कोण लक्ष देणार? मग तो उभाच राहीना. चारी पाय फाकवून बसला, मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, पोट भात्यासारखं. मी म्हटलं, नजर लागली. एवढ्या माणसांनी बघितलं, लागणारच. चुलीतले निखारे काढले, मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या आणि त्याच्या समोरच निखाऱ्यावर टाकल्या. ठसका असा उठला की मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. कुत्र्याला पळता येत नव्हतं, त्याला आम्ही बांधलेलं होतं. त्याने तो सगळा धूर आत घेतला. कोणीतरी हसून म्हणालं, "नजर नव्हती गो, नाहीतर ठसका आला नसता!"... मग विहीणबाई हळदीच्या पाटावरून उठल्या आणि नळा घेऊन आल्या. पुढचं सांगितलंच आहे.

जीभ बाहेर पडल्यावर विहीणबाईंनी नळा फेकला, त्याला मागच्या पायांनी धरून उलटा केला, तोंडात बोट घालून फेस काढला. थोडं पाणी बाहेर आलं. एक बारीक शिट्टीसारखा आवाज आला. म्हणजे जिवंत होता. मांडवाचं सामान आणणारा टेम्पो उभा होता, त्यात आम्ही दोघी चढलो. दोघींच्या गालाला, दंडाला हळद. अंगावर सगळे दागिने. मांडीवर कुत्रा. रस्त्याला एका हातपंपापाशी विहीणबाईंनी टेम्पो थांबवला आणि स्वतःचा पदर भिजवून त्याच्या पोटावर टाकला. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच वाटलं की चटका बसतोय एवढं अंग तापलंय. डॉक्टर पुढे म्हणाले की तो जगला तर त्या पदरामुळे.

मुरबाडला जनावरांच्या दवाखान्यात अंगणात माणसं बैल, शेळ्या घेऊन बसली होती. आम्ही उतरलो तसे सगळे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "मावशी, हळद कोणाची? याची काय?" दुसरा म्हणाला, "नवरदेव लई घोरतोय रे, नवरीचं कसं व्हायचं?" मी पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. विहीणबाई म्हणाल्या, "हसा नंतर. आधी वाट द्या. आमी त्याला मारलाय, आता डॉक्टर वाचवतो काय बघू." आणि बैल बाजूला झाले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कुत्र्याला फरशीवर आडवा केला, जीभ बाहेर ओढून धरली, सुई टोचली, ओलं फडकं पोटाला आणि पायांच्या पंज्यांना लावलं, पंखा त्याच्यावर फिरवला. मग विचारलं, "काय पाजलंत?" विहीणबाई म्हणाल्या, "ओव्याचं पाणी. पाजलं मी, तोंड या विहीणबायनी धरलं. त्याच्या आधी मिरच्यांची धुरी दिली, ती पण यांनी." मला वाटलं जमीन फाटावी. आजूबाजूला दहा माणसं उभी होती. एवढं सगळं सांगायची काय गरज होती? पण डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं आणि छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. पाणी फुप्फुसात गेलंय, म्हणाले. नुसतं ऊन लागलं असं कोणी सांगितलं असतं तर वेगळंच औषध दिलं असतं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण मी मान वर न करता ऐकत होते. बैल घामाने थंड होतो, कुत्रा जिभेने. त्याला घाम जवळजवळ नसतोच. तो धापतो म्हणजे अंगातली आग बाहेर काढतो. त्यातून या जातीचं नाक चेपलेलं, नाकपुडीत तांदळाचा दाणा अडकेल एवढी भोकं, आणि घशात मागे मांसाचा पडदा लोंबतो. तापला की तो पडदा सुजतो, सुजला की वाट बंद, वाट बंद झाली की तो आणखी जोर करतो आणि आणखी तापतो. गळ्याला दोरी म्हणजे त्यात भर. धूर म्हणजे भर. लठ्ठपणा म्हणजे भर. "आणि आजी," डॉक्टर म्हणाले, "श्वासासाठी धडपडणाऱ्याच्या तोंडात काही घालायचं नाही. कुत्रा असो, माणूस असो. अमृत असलं तरी नाही. आधी गळा मोकळा, मग सावली, वारा, ओलं फडकं. पाणी त्याने स्वतः प्यायलं तर प्यायलं."

जावई तिथेच आले, कोणीतरी बाजारात त्यांना गाठलं होतं. पूर्वा रडत होती. मी काही बोलायच्या आत विहीणबाईंनी मुलाला सगळं सांगितलं, मांडवापासून नळ्यापर्यंत. जावई मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सुया बरेच दिवस चालल्या. वाशिंदच्या वरच्या मजल्यावर दुपारी खोली तापते, त्यापेक्षा इथे शेणाने सारवलेली जमीन गार, म्हणून कुत्रा विहीणबाईंकडेच राहिला. आधी बरा होईपर्यंत, मग कायमचा. पूर्वा सुटीला येऊन भेटायची. विहीणबाईंनी दावं जाळून टाकलं आणि जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा शिवला, छातीवरून फिरवून पाठीवर गाठ येईल असा. गळ्याला काही नाही. जेवण तोलून. कोणी शेजारीण तुकडा टाकायला लागली तर ओरडायच्या, "त्याची बरगडी हाताला लागली पायजे, डोळ्याला नको! तुमच्या नवऱ्याला घाला!" फिरायला न्यायचं ते उजाडताना आणि ऊन उतरल्यावर. दुपारी तो पाण्याच्या माठाखालच्या ओलीवर पोट टेकून पडायचा. त्याचे आवाज त्यांना कळायला लागले. घोरतो म्हणजे ठीक. पाणी पिऊन खाकरतो म्हणजे ठीक. शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून उठायच्या, त्याचा ओठ वर करून हिरड्या बघायच्या. गुलाबी असल्या तर पुन्हा कामाला.

चूल त्यांनी घरातून उचलून मागच्या दारी पत्र्याखाली नेली. धूर घरात नको. सगळ्या गावात झालं, यशोदाबाईंनी कुत्र्यासाठी चूल हलवली. सासऱ्याला दमा होता तेव्हा नाही हलवली, कुत्र्यासाठी हलवली. हे मी त्यांच्या तोंडावर एकदा बोलले. त्या म्हणाल्या, "तवा मला ठाव नव्हतं. आता ठाव हाय. ठाव झाल्यावर पण नाय करायचं काय?"

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण विहीणबाई ती गोष्ट सांगू लागल्या. बारशात, हळदीत, सरळगावच्या बाजारात, म्हसा गावच्या जत्रेत बैलांच्या बाजारापाशी. कोणी नळा मागायला आलं की आधी गोष्ट, मग नळा. जनावर धापत असेल तर नळा नाहीच, दवाखान्यात जा. आणि गोष्ट अर्धी नाही सांगायच्या. "तोंड माझ्या विहीणबायनी धरलेलं, किन्हवलीकडच्या. मिरच्यांची धुरी पण त्यांचीच." लोक हसायचे. गोष्ट माझ्या आधी आमच्या गावात पोचली. नळावर बाया म्हणायच्या, "मिरचीवाली आली, बाजूला व्हा, ठसका लागंल." माझी सून पदराआड हसायची. साठी उलटलेली बाई मी, गावात कोणाचं एक खोटं बोलणं ऐकून घेतलं नाही कधी, आणि आता शाळेतली पोरं माझ्याकडे बघून शिट्टी वाजवायची.

मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. गुडघे दुखतात, भात लावायचाय, पाहुणे आलेत. सुमनला कळत होतं, ती मध्ये पडली नाही. एकदा विहीणबाईच माझ्याकडे आल्या, एसटीने, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. मी चहा दिला आणि म्हटलं, "विहीणबाई, ती गोष्ट आता बास करा. माझी लाज काढता तुम्ही." त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "लाज तुमची एकटीची हाय काय? अर्धी माझी हाय. माझी अर्धी मी वाटत सुटलीय. तुमची अर्धी तुमी ठेवा घरात, कुलूप लावा." मी म्हटलं, "माझं नाव न घेता सांगा." त्या म्हणाल्या, "मग लोक म्हनतील, येड्या यशोदेनं एकटीनं केलं. दोघी शहाण्या बाया मिळून असं करतात, ह्ये कळलं तर घाबरतील." मी उठून शेंगा आत नेल्या. त्या संध्याकाळच्या गाडीने गेल्या, मी रस्त्यापर्यंत सोडायला गेले नाही. हे मी करायला नको होतं. त्यानंतर त्या मला चालत्याबोलत्या दिसल्या नाहीत.

यंदा चैत्रात फोन आला. सुमन होती. "आई, सासूबाई सकाळी उठल्याच नाहीत..." डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले झोपेतच हृदय थांबलं. मी आणि माझा मुलगा जीप करून गेलो.

ऊन चढलं होतं. घर माणसांनी भरलेलं. विहीणबाईंना पडवीत ठेवलेलं, आंघोळ घालून, नवं लुगडं. उशाशी अगरबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावलेला. अंगणात माणसं तिरडीचे बांबू तासत होती आणि मडक्यात गोवऱ्या पेटवलेल्या, त्यांचा धूर सगळा खाली बसला होता, वारा नव्हता. बाया रडत होत्या. मी पायरी चढले तेव्हा मला तो आवाज आला. घोरणं नव्हे. शिट्टी.

कुत्रा सकाळपासून त्यांच्या पायाशी बसलेला म्हणे. तिरडीच्या आड येतो म्हणून कोणीतरी त्याला अंगणात उन्हात, तासलेल्या बांबूंच्या ढिगाशी बांधला. छातीचा पट्टा कोणाला सापडला नाही, म्हणून सुतळी गळ्यात. तो पडवीकडे ओढ घेत होता, सुतळी आवळत होती आणि गोवऱ्यांचा धूर त्याच्या तोंडावर. मी पोचले तेव्हा तो आडवा पडला होता. भोवती माणसं गोळा झालेली. भजनी मंडळातले एक म्हातारबाबा हात जोडून म्हणत होते, "मालकिणीबरोबर निघालाय. पुण्यवान जीव. अडवू नका त्याला. तुळशीपत्र आणा." बायांनी डोळ्याला पदर लावले, दोघी-तिघींनी कुत्र्याच्या पाया पडून घेतलं. कोणी म्हणालं, दोघांना एकदमच न्या, बाईंचा आत्मा सुखी होईल. आणि जावई, डोकं भादरलेले, उघडे, आईसाठी आणलेल्या गंगाजळाचा तांब्या घेऊन कुत्र्यापाशी बसले. डोळ्यांतून धारा लागलेल्या. त्यांनी कुत्र्याचं तोंड वर केलं.

ती गोष्ट त्या अंगणातल्या प्रत्येकाने ऐकली होती. विहीणबाईंच्या तोंडून, पाच-पाच वेळा. जावयांनी तर दवाखान्यात कुत्र्याची दशा डोळ्यांनी बघितली होती. पण ती औषधाची गोष्ट होती आणि हे गंगाजळ होतं. ते औषध नव्हे, असं सगळ्यांना वाटत होतं. जबडा हातात धरल्यावर पुढे काय होतं, ते हाताला माहीत असलेली तिथे मी एकटीच जिवंत होते.

मी जावयाच्या हातावर मारलं. तांब्या उडाला, गंगाजळ मातीत गेलं. प्रेत दारात असताना, सासूने जावयावर हात उगारला. सुमन ओरडली, "आई, काय करतेस!" म्हातारबाबा म्हणाले, "बाई, शुद्ध हाय काय?" मग मी बोलले. तिथेच, सगळ्यांसमोर. म्हटलं, "मी याचं तोंड असंच धरलं होतं. मी मिरच्या जाळल्या. विहीणबाई सांगायच्या ते सगळं खरं आहे, आणि मी त्यांच्यावर त्याचा राग धरला. हा मालकिणीमागे चाललेला नाही. याचा गळा आवळलाय आणि धूर झालाय. कोयता द्या." कोणी हललं नाही. बांबू तासणाऱ्याच्या हातातला कोयता मी ओढून घेतला आणि सुतळी कापली. मग म्हटलं, "ते मडकं लांब न्या. अगरबत्त्या विझवा." बाया म्हणाल्या, उशाशी धूप नको? मी म्हटलं, "त्यांनी जिवंतपणी घरातली चूल बाहेर काढली याच्यासाठी. त्यांना चालेल." तेव्हा जावईच उठले आणि आईच्या उशाच्या अगरबत्त्या मुठीत धरून विझवल्या. बोटं भाजली असतील.

मी कुत्र्याला उचलून मागे गुरांच्या हौदापाशी नेलं. आंब्याची सावली होती. पोत्याचा तुकडा भिजवून पोटाखाली घातला, पंजे ओले केले, मान सरळ ठेवली, पदराने वारा घातला. तोंडात काही घातलं नाही. ओठ वर करून बघितलं, हिरड्या जांभळ्या होत्या. पूर्वा येऊन बसली, एवढी मोठी झालेली पोरगी. ती पण वारा घालायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती. मी पण तिच्याकडे बघत नव्हते.

पुढून आवाज आला. तिरडी उचलत होते. सुमन मागच्या दारी आली, म्हणाली, "आई, शेवटचं तोंड बघून घे, नेतायत." हळदीकुंकू लावायचं असतं विहिणीने, साडी पांघरायची असते. मी साडी आणली होती, ती जीपमध्येच राहिली. मी उठणार होते. पण मी हात काढला की कुत्र्याची मान कलंडायची आणि शिट्टी पुन्हा लागायची. मी बसून राहिले. बायांचा आकांत अंगणातून रस्त्याला लागला, मग ओढ्याकडे वळला, मग ऐकू येईना. आता लोक म्हणतात, किन्हवलीकडच्या विहिणीने विहिणीचं शेवटचं तोंड बघितलं नाही, कुत्रं धरून बसली. ते खरं आहे. मला त्याची लाज वाटते. साडीची वाटते, जावयाला मारल्याची वाटते, त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले नाही त्याची तर फारच वाटते. कोणती जास्त, हे मला ठरवता येत नाही...

माणसं ओढ्यावरून आंघोळ करून परत आली तोपर्यंत कुत्रा उठून बसला होता. हौदाच्या कडेवर पुढचे पाय ठेवून तो स्वतःच पाणी प्यायला. मग खाकरला, आणि घोरायला लागला.

त्या दिवशी त्या घरातून यशोदाबाई गेल्या. कुत्रा वाचला.